तीन सेकंदांची ओळ

५ मार्च १९९९, शुक्रवार. सकाळी दोन अंश, धुकं; अकरानंतर ऊन. उद्याच्या मिस्सासाठी भट्टीच्या दोन पत्र्यांवर केक भाजला. एक पत्रा आपला, एक केटेचा. फादरांचा फोन: मिस्सा नऊ वाजता, एवाल्डबद्दलच्या चार ओळी आज संध्याकाळपर्यंत हव्यात. जेवायला बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा गर. तीन वाजता गुंडुला यायची आहे. उरलेलं संध्याकाळी.

वालबुर्गा ओडेनथालनं पेनला टोपण लावलं आणि वही मिटली. दिवस अर्धा असताना वही उघडायची तिची पद्धत नव्हती. पण तिचा नवरा एवाल्ड जाऊन सहा आठवडे झाले होते, उद्या चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा होती, आणि घरात पाहुणी आली की संध्याकाळ हातातून निसटते हे तिला माहीत होतं.

ही सवय तिला नन्सच्या शाळेत लागली. युद्ध संपलं त्या वर्षी ती बारा वर्षांची होती. वडील परत आले नव्हते, आईला दगडखाणीच्या भटारखान्यात काम मिळालं होतं, आणि मुलीला आयफेलच्या डोंगरातून खाली मठाच्या शाळेत पाठवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथं सिस्टर आफ्रानं प्रत्येक मुलीच्या हातात एक वही ठेवली. रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहायच्या: हवा कशी होती, काय केलं, काय राहून गेलं. मनात काय आलं ते लिहायचं नाही, ते देवाला न सांगता कळतं. आणि पान फाडायचं नाही. बाकीच्या मुलींच्या वह्या शाळेबरोबर संपल्या. वालबुर्गाच्या वह्या मागच्या खोलीतल्या कपाटात वर्षवार उभ्या होत्या, त्रेपन्न. लग्नाच्या दिवसाला तिथं चार ओळी मिळाल्या होत्या. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसाला एक.

दोन वाजता शेजारची केटे स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. ती पुढच्या दारानं कधी येत नसे.

"माझा पत्रा जिवंत आहे ना?" तिनं आल्या आल्या विचारलं. "गेल्या वेळी तू तो इतका घासून दिलास की मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा आणून दिला."

"उद्या केक कापला की लगेच देते."

"काही घाई नाही गं. मला सध्या केक करून घालायला आहे कोण? मांजर खात नाही." केटेनं एक तुकडा उचलायला हात पुढे केला, उपवासाचा शुक्रवार आठवला आणि हात तसाच ओट्यावर टेकवला. "ती पोरगी येणार ना आज? आउएल्सबाखवाली?"

"ती आउएल्सबाखची नाही, केटे. तिच्या यंत्रातून आउएल्सबाखचे पुराचं पाणी उपसणारे पंप चालतात."

"चालतात म्हणे! गेल्या महिन्यात त्या रविवारी चालले असते तर माझ्या बहिणीच्या तळघरात हिवाळ्याचे बटाटे पोहत नसते. आणि पंपघरातला बिचारा केसेनिष. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसानं मांडीचं हाड मोडून घ्यायचं, ते कुणाच्या तरी एका विसरभोळेपणापायी."

 वालबुर्गानं ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता. केटेला या बाईची ही खूण पाठ होती. ती आली तशी मागच्या दारानं गेली.

गुंडुला तीनला पाच मिनिटं असताना आली आणि तीन वाजेपर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली. वालबुर्गानं ते पडद्याआडून पाहिलं. वेळेआधी घंटी वाजवू नये ही शिस्त एवाल्डनंच आपल्या हाताखालच्या मुलांना लावलेली. गुंडुला आता मूल राहिली नव्हती, चौतीस वर्षांची झाली होती. टेकडीवरच्या संगणक-संशोधन संस्थेत ती एवाल्डच्या शेजारच्या टेबलाशी सात वर्षं बसली होती. नंतर संस्थेतलं ते काम एका लहान कंपनीनं विकत घेतलं तेव्हा कामाबरोबर तीही तिकडे गेली. आज तिचे डोळे खोल गेले होते आणि कोटाचं एक बटण चुकीच्या काजात होतं.

"बस. कॉफी काळीच ना अजून?"

"हो, फ्राऊ ओडेनथाल. तुम्ही त्रास घेऊ नका."

"त्रास? सहा आठवडे मी एका कपाची कॉफी करते आहे. एका कपाची कॉफी चांगली होतच नाही. तूच माझ्यावर उपकार करते आहेस."

गुंडुला जरा हसली. मग कप दोन्ही हातांत धरून तिनं आल्याचं कारण सांगितलं.

"उद्या मिस्साला मी आले तर तुम्हाला चालेल का, ते विचारायला आले. सोमवारी नऊला माझी चौकशी आहे. चूक माझी आहे असं मी लिहून देणार. त्यानंतर गावात सगळे बोलतील. हेर ओडेनथालांच्या मिस्साला ते बोलणं नको."

"तुझी चूक आहे?"

"माझीच असणार."

"'असणार' हा शब्द मी शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं ऐकला. खिडकी कुणी फोडली, तर अमक्यानं फोडली असणार. नीट सांग."

गुंडुलानं सांगितलं. वालबुर्गाला त्यातलं बरंच माहीत होतं, कारण एवाल्डनं तिला ते याच टेबलाशी बसून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तो म्हणायचा, "बुर्गी, माझं यंत्र म्हणजे तुझा मठ." इतर यंत्रांत सगळी कामं एकाच दालनात कोंबलेली असतात, एक जण पडला की बाकीच्यांना घेऊन पडतो. त्याच्या यंत्रात मधला गाभा अगदी लहान, मठातल्या लांब ओसरीसारखा. ओसरी स्वतः काही करत नाही. तिच्यावरून फक्त निरोप जातात, आणि कुणाची पाळी कधी ते ठरतं. बाकी प्रत्येक काम आपापल्या खोलीत. जागा वाटून देणारी एक खोली, कोण कुठं राहतं त्याची नोंद ठेवणारी एक, डिस्कच्या चकतीवरून वाचणारी एक, नदीची पातळी मोजणारी एक, पंप चालवणारी एक. दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. हवं ते निरोप पाठवून मागायचं, आणि उत्तर येईपर्यंत दारात थांबायचं.

म्हणून वीज आली की सगळ्यांना उठवण्याचा क्रम फार जपावा लागे. आधी जागा वाटणारी, कारण तिच्याशिवाय कुणाला पाय ठेवायला जागा नाही. मग नावांची नोंद ठेवणारी, कारण तिच्याशिवाय कुणाला कुणाचं दार सापडणार नाही. मग बाकीच्या, एकेक करून. उठवणारा छोटासा प्रोग्रॅम प्रत्येक दाराशी जाई, विचारी, "तयार?" "तयार" असं उत्तर आलं की पुढच्या दाराशी.

"त्या रविवारी वादळात वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली," गुंडुला म्हणाली. "पातळी मोजणाऱ्याचं कार्ड विजेच्या झटक्यानं जळलं होतं. त्यामुळे ती खोली बोललीच नाही. उठवणारा तिच्या दारात थांबला. पंपाची खोली यादीत तिच्यानंतर. पंपाला कुणी उठवलंच नाही. उठवणारा दोन तास त्याच दारात उभा होता, फ्राऊ ओडेनथाल. शेवटी केसेनिष हातानं चालू करायला खाली उतरले आणि ओल्या पायरीवरून पडले."

"आणि तुझी चूक काय?"

"उठवण्याच्या यादीत एक ओळ होती. तीन सेकंद वाट बघ, उत्तर नाही आलं तर पुढं जा. ती असती तर पंप पाण्याबरोबर वर चढणाऱ्या जुन्या तरंगत्या चेंडूवर चालले असते, त्याला पातळी मोजणारी खोली लागत नाही. ती ओळ होती. मी ती छापील कागदावर पाहिली आहे, त्र्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये, चाचणीच्या वेळी. आता ती नाही. सत्त्याण्णव साली मी त्या यादीत नवं पातळीमापक घातलं. फाइलवर शेवटच्या हाताचं नाव असतं. ते माझं आहे. मधल्या प्रती कुणी ठेवल्या नाहीत, तेव्हा आम्ही फ्लॉपी खिशात घालून फिरायचो." तिनं कप खाली ठेवला. "नवं घालताना ती ओळ माझ्या हातून पुसली गेली असणार. मला आठवत नाही. पण दुसरं कोण?"

"सही केलीस की काय होईल?"

"नोकरी जाईल. ती जाऊ दे. पण ज्या कामात माणसाचा जीव अडकलेला असतो तसलं काम मला पुन्हा कुणी देणार नाही. मला दुसरं काही येत नाही हो. आणि मलाही ते पुन्हा हातात घ्यायची हिंमत होणार नाही. काल मी घरी चूल बंद केली की नाही ते बघायला जिना तीनदा चढले."

वालबुर्गा उठली. "त्र्याण्णवचा ऑक्टोबर म्हणालीस. एवाल्ड चाचणीहून आला की सांगायचा. मी पाहून येते."

तिला वाटलं होतं, आपल्या वहीत ती ओळ होती एवढा तरी पुरावा सापडेल, पोरीची आठवण खोटी नाही एवढं तरी ठरेल. मागच्या खोलीत कपाटाशी उभ्यानंच तिनं त्र्याण्णवची वही काढली, चष्मा पुसला आणि पानं उलटली. तिचंच अक्षर होतं, सरळ, दोन्ही बाजूंना सारखा समास सोडलेलं.

१४ ऑक्टोबर १९९३, गुरुवार. सकाळी धुकं, चार अंश. मसुराचं सूप. एवाल्ड सातला आला. आउएल्सबाखच्या पंपघरात थंडीमुळे चकतीला उठायला चार सेकंद लागले, यंत्रानं तिला मेलेली समजून सोडून दिलं. एवाल्डनं तीन सेकंदांची ओळ काढून टाकली. मी विचारलं, पाच का करत नाहीस. म्हणाला, सिस्टर लुडगेरासाठी. माझ्या यंत्रात कुणाला दारात सोडून पुढं जायचं नाही. राहून गेलं: पडदे.

तिनं ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

सिस्टर लुडगेराची गोष्ट एवाल्डला तिनंच सांगितली होती, साखरपुड्याच्या वर्षी. मठात पहाटे उठवायचं काम सिस्टर आफ्राकडे होतं. ती ओसरीवरून प्रत्येक दारावर थाप मारी आणि लॅटिनमध्ये म्हणे, "बेनेदिकामुस दोमिनो." आतून "देओ ग्रातियास" असं उत्तर आलं की पुढच्या दाराशी. तीन थापांत उत्तर नाही आलं तर थांबायचं नाही, नियमच तसा, नाहीतर सगळ्यांची प्रार्थना चुकते. एका सकाळी लुडगेराच्या दाराआडून उत्तर आलं नाही. आफ्रा पुढं गेली. लुडगेराला पक्षाघाताचा झटका आला होता; ती शुद्धीवर होती, थापा ऐकत होती, जीभ उचलत नव्हती. दुपारच्या जेवणाला तिची जागा रिकामी दिसली तेव्हा कुणीतरी जाऊन दार उघडलं. ती आणखी नऊ दिवस जगली. वालबुर्गा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि त्या दारावरून रोज जात होती.

 

स्वयंपाकघरातून आवाज आला, "फ्राऊ ओडेनथाल?"

वालबुर्गा वही धरून उभी राहिली. खोलीत शेगडी होती. पान फाडायचं नाही हा नियम होता, पण वही परत कपाटात ठेवायला कुठलाच नियम आड येत नव्हता. उद्या नऊ वाजता फादर एवाल्डचं नाव घेणार होते. संस्थेतली माणसं येणार होती, केसेनिषची बायको येणार होती. टेबलाच्या खणात फादरांसाठी लिहिलेल्या तीन ओळी होत्या, चौथी सुचायची होती. तिसरी ओळ अशी होती: त्याच्या कामात कधी कुणाचं नुकसान झालं नाही.

"फ्राऊ ओडेनथाल? सापडत नाही का? राहू द्या."

 एवाल्डनं पाच वर्षं हे गुंडुलाला का सांगितलं नाही? बहुधा त्याला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटलीच नसेल. त्या वेळी केसेनिष पंपघराच्या वरच्याच खोलीत राहत होता. यंत्र अडलं की तांबडा दिवा लागे, तो खाली उतरून बघे. वाट पाहणाऱ्यावर नजर ठेवणारा एक माणूस तेव्हा होता. पुढं ती राहण्याची खोली बंद झाली आणि तांबडा दिवा रिकाम्या घरात लागू लागला. पण म्हणून ओळ कुणी काढली ते बदलत नव्हतं.

"फ्राऊ ओडेनथाल!" आता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं आहे ना तुम्हाला?"

"आले," वालबुर्गा म्हणाली. "आले, गुंडुला. बस तिथंच."

ती बाहेर आली, वही टेबलावर उघडून ठेवली आणि बोट ओळीवर ठेवलं. मग तिला वाटलं की हे आपणच वाचून दाखवायला हवं. तिनं मोठ्यानं वाचलं, पडद्यांसकट.

 गुंडुलानं वही आपल्याकडे वळवली आणि पुन्हा वाचली, या वेळी ओठ हलवत.

"म्हणजे चार वर्षं आधीच गेली होती," ती म्हणाली, "मी ती यादी हातात घेतली तेव्हा ओळ नव्हतीच. मी नवं पातळीमापक घातलं ते कुठलीच ओळ नसलेल्या यादीत." तिचा आवाज चढला. "ते रोज माझ्यासमोर बसून जेवायचे! लोणच्याची काकडी मला द्यायचे, त्यांना आवडत नव्हती म्हणून! एक शब्द बोलता आला नाही?"

"नाही बोलला."

"आम्हाला सांगायचे, किती सेकंदांनी माणूस मेला हे ठरवणारे तुम्ही कोण? कुठलाही आकडा चूकच. एकतर थांबू नका, नाहीतर पुरतं थांबा. मी हसायचे. मला वाटायचं वर्गात बोलायची वाक्यं आहेत." ती थांबली. "या सिस्टर लुडगेरा कोण?"

वालबुर्गानं सांगितलं. सांगून झालं तेव्हा गुंडुला रडत होती, पण राग उतरला नव्हता. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं आणि तिला नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता. वालबुर्गानं एवाल्डच्या खणातला एक दिला. इस्त्री केलेले अकरा अजून तिथं होते.

"हे मी सोमवारी दाखवणार नाही," गुंडुला म्हणाली. "निदान लगेच नाही. उद्या त्यांची मिस्सा आहे."

"तुला दाखवायचंच नाहीये. वही माझी आहे, ती माझ्या हातातून जाणार नाही. मी येते सोमवारी. आठ दहाची बस मिळते मला."

"फ्राऊ ओडेनथाल, ते लोक विचारतील. एका बाईच्या रोजनिशीवर कोण विश्वास ठेवतो? तुम्हाला उलटसुलट विचारतील."

"विचारू दे. त्या दिवशी किती अंश होते तेही लिहिलं आहे. त्यांना हवं तर हवामानखात्याकडून ताडून पाहू देत." तिनं वही मिटली. "आणि पोरी, तुझं काही चुकलंच नाही असं मी म्हणत नाही. तू यादी हातात घेतलीस तेव्हा वरपासून खालपर्यंत वाचायला हवी होतीस."

"हो," गुंडुला म्हणाली. "ते मी सांगेन."

"तेवढंच सांग. त्याच्या वाटचं तू उचलायचं नाही."

जाताना गुंडुला दारात थांबली. "मग उद्या येऊ मी?"

"नऊला. डाव्या बाजूला तिसरा बाक, माझ्याशेजारी. आणि कोटाचं बटण नीट लाव, केटे तेवढंच बघते."

ती गेल्यावर वालबुर्गा फादरांसाठीचा कागद घेऊन बसली. तिसरी ओळ तिनं पट्टी लावून खोडली, खाली काय होतं ते वाचता येईल अशी. तिच्याजागी लिहिलं: जो उत्तर देत नाही त्याच्या दारातून तो हलत नसे; त्यामुळे आउएल्सबाखमध्ये माणसांचं नुकसान झालं, त्यांची मी त्याच्या वतीनं क्षमा मागते. मग ती ओळ वाचून तिला वाटलं, हे फादरांनी वाचू नये. तिनं कडेला लिहिलं, ही ओळ मी उभी राहून वाचेन. चौथी ओळ लागली नाही.

केसेनिषच्या बायकोला मात्र हे सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकावं लागू नये. म्हणून तिनं दवाखान्यात फोन लावला. केसेनिषनंच उचलला. ती बोलली ते त्यानं मध्ये न तोडता ऐकलं.

"एवाल्ड होता तो, दुसरं काय," तो शेवटी म्हणाला. "हिवाळ्यात त्या यंत्राशी माणसाशी बोलावं तसा बोलायचा. मी म्हणायचो, हेर ओडेनथाल, त्याला ब्रँडी तरी पाजा." मग जरा थांबून, "राग नाही असं नाही, बरं का. पाय दुखतो."

"असू दे राग," वालबुर्गा म्हणाली. "मी मंगळवारी येते."

फोन ठेवून तिनं दिवा लावला. कागद पाकिटात घातला आणि खालच्या घरातला मुलगा चर्चकडे सायकलवर निघाला होता त्याच्याबरोबर धाडून दिला. मग वही उघडून दुपारच्या ओळींखाली लिहिलं.

गुंडुला तीन ते पावणेपाच. तिला १४ ऑक्टोबर १९९३ वाचून दाखवलं. सोमवारी आठ दहाच्या बसनं तिच्याबरोबर. केसेनिषला फोन; मंगळवारी भेट. चार ओळींऐवजी तीन झाल्या. एका पत्र्यातला केक डब्यात काढून केटेचा पत्रा घासला आणि परत दिला.